एक दिवस, एक खाडी

रत्नागिरीला येणारा पाहुणा आज मागच्या दारानं आत शिरतो. रेल्वे स्टेशन कुवारबावच्या सड्यावर, गावापासून काही किलोमीटर लांब. मुंबई-गोवा महामार्ग त्याहून आत, हातखंब्याला. कुठूनही आलात तरी आधी एमआयडीसीच्या शेड दिसतात, मग मारुती मंदिराचा चौक, मग उतार लागतो आणि समुद्र सगळ्यात शेवटी. हे गाव ज्या क्रमानं वसलं त्याच्या बरोबर उलटा हा क्रम आहे. म्हणून माझ्याकडे उतरणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं एकच सांगतो. सामान टाका, चहा घ्या आणि तडक मांडवीला जा. किल्ला नंतर, थिबा पॅलेस नंतर, आंबे तर अगदी शेवटी.

मी इथल्याच एका शाळेत इतिहास शिकवला. वडील बंदर खात्यात कारकून होते आणि आजोळ राजापूरचं. त्यामुळे बंदर आणि खाडी या दोन गोष्टी मला पुस्तकाआधी घरातच भेटल्या. प्रवासाच्या पुस्तकांतून कोकण किनारा म्हणजे देवळं, पुळणी आणि किल्ले यांची वरून खाली उतरत गेलेली यादी असते. माणसं ती यादी गाडीतून पुरी करतात, दिवसाला पाच ठिकाणं, आणि परत जाताना सगळ्या पुळणी डोक्यात एक झालेल्या असतात. हा किनारा असा उभा वाचायचा नाहीच. तो आडवा वाचायचा, समुद्राकडून घाटाकडे, एकेका खाडीच्या काठानं.

आधी मांडवी. इथल्या धक्क्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला भाट्याच्या खाडीचं तोंड दिसतं आणि उजवीकडे समुद्रात घुसलेला रत्नदुर्गाचा डोंगर. पायाखालची वाळू काळी आहे, कारण तिच्यात इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत. किल्ल्याला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीच्या पलीकडच्या बाजूला वाळू पांढरी. गावातली माणसं सरळ 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं.

या मांडवीसमोर आगबोट थांबायची. धक्क्याला लागायची नाही, थांबायची, कारण एवढं पाणी किनाऱ्याजवळ नव्हतंच. भोंगा वाजला की इथून पडाव सुटायचे, म्हणजे रुंद पोटाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या मोठ्या होड्या. बोटीच्या अंगाला पडाव लागला की लाटेनं तो वर-खाली व्हायचा, आणि तो वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी माणसाला दंडाला धरून आत ओढून घ्यायचा. लहान मुलं तर सरळ हातोहात झेलली जायची. बायका, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, कधी आजारी माणूस, सगळं याच वाटेनं. माझी आजी राजापूरहून जैतापूरला उतरून बोटीनं मुंबईला जायची. तिच्या पिशवीत बोट लागू नये म्हणून लिंबू असायचं आणि कमरेच्या पिशवीत तिकीट. 'हात सैल सोडावा, खलाशाला आपल्यापेक्षा जास्त कळतं,' असं ती आम्हाला सांगायची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर फिरत होत्या. १९०६ मध्ये बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि पुढची काही दशकं कोकणची वाहतूक मुख्यतः तिच्या हाती राहिली. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही नावं माझ्या वडिलांच्या पिढीला शाळेतल्या पाढ्यांसारखी पाठ होती. त्यांना जिल्ह्याचा नकाशा रस्त्यांनी आठवत नसे, या थांब्यांनी आठवे. स्वातंत्र्यानंतर चौगुल्यांच्या 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' आल्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची आणि मधल्या प्रत्येक बंदरावर कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी पुतणी उतरवत जायची. १९८० च्या दशकात ही सेवा थांबली.

आणि ती वर्षभर चालत नसे, ही गोष्ट आजच्या प्रवाशाला कळणं फार गरजेचं आहे. जूनच्या सुरुवातीला बंदर बंद व्हायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जाई आणि मग हळूहळू गलबतं पाण्यात उतरत. मधले तीन महिने रत्नागिरीतून बाहेर पडायचं तर आंबा घाटानं कोल्हापूर गाठायचं. कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली होती, ती तिथून पकडायची. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं गाव वर्षातला चौथा हिस्सा मुंबईपासून तुटलेलं राहायचं. पावसाळ्यात समुद्रात उतरण्याची किंमत काय असते ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. १७ जुलै १९४७ ला, दिव्यांच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईच्या तोंडाशीच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या होत्या. आमच्या घरी ही तिन्ही नावं हलक्या आवाजात घेतली जात.

एवढं मांडवीवर उभं राहून मनात घेतलंत की मग गावाकडे तोंड वळवा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. जिल्ह्याचं ठिकाण इथेच का?

कोकणातल्या जुन्या व्यापाराची रचना साधी होती. सह्याद्रीतून निघालेली नदी पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्राला मिळते. तिच्या शेवटच्या टप्प्यात भरतीचं पाणी आत शिरतं, ती खाडी. खाडीच्या मुखाशी बंदर आणि त्यावर नजर ठेवणारा किल्ला. खाडीत होडी जिथपर्यंत जाऊ शकते तिथे बाजारपेठ. पेठेच्या पाठीशी घाट आणि घाटावर बैलांचे तांडे. वासिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, आत चिपळूण, वर कुंभार्ली घाट. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, आत संगमेश्वर. मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, आत साटवली. अर्जुनेच्या खाडीवर मुखाशी जैतापूर, आत राजापूर, वर अणस्कुरा. वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग, आत खारेपाटण. एकदा ही जोडी ओळखता आली की नकाशा आपोआप बोलायला लागतो. मीठ, सुकी मासळी, नारळ आणि परदेशी माल वर जायचा. गूळ, कापूस, धान्य खाली यायचं.

रत्नागिरीला अशी जोडी नाही. भाट्याची खाडी आहे, पण काजळी नदीच्या आतल्या अंगाला चिपळूण-राजापूरच्या तोडीची पेठ कधी झाली नाही. इंग्रजांनी १८१९ मध्ये दक्षिण कोकण हा वेगळा जिल्हा केला तेव्हा ठाणं बाणकोटला होतं. तीन वर्षांनी, १८२२ मध्ये, ते रत्नागिरीला आणलं, कारण लांबट जिल्ह्याच्या मानानं हे गाव मध्यावर पडत होतं. म्हणजे हे शहर व्यापाऱ्यांनी घडवलेलं नाही, कचेरीनं घडवलेलं आहे. कलेक्टर आला, त्यामागून कोर्ट, तुरुंग, शाळा. त्यांच्यामागून वकील, कारकून आणि मास्तर. टिळक आळीतलं जे घर आज स्मारक म्हणून जपलं आहे, तिथे २३ जुलै १८५६ ला लोकमान्यांचा जन्म झाला, आणि त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यातच होते. ते घर पाहायला जरूर जा. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे विहीर आणि माड अशी या गावातल्या पांढरपेशा घरांची घडण तिथे समजते. तिथे गडबड करू नका. बहुतेक पाहुणे फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर येतात. ओटीवर थोडं बसायला हवं.

बोटीनं पोचता येतं, पण सुटून जाता येत नाही, अशी ही जागा. इंग्रजांना ते चांगलंच उपयोगी पडलं. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा कैद झाला. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. इथे त्यानं तीस वर्षं काढली. गाईडपुस्तकात थिबा पॅलेसचा मोठा फोटो असतो, त्यामुळे तो तीसही वर्षं या वाड्यात राहिला असा लोकांचा समज होतो. वाडा बांधून झाला १९१० मध्ये. त्याआधीची जवळजवळ पंचवीस वर्षं तो सरकारनं दिलेल्या बंगल्यांत होता, आणि नव्या वाड्यात त्याला मिळाली जेमतेम सहा. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. धाकटी राणी त्याआधी, १९१२ मध्ये, गेली होती. दोघांची थडगी गावातच आहेत. थोरली राणी सुपयालत १९१९ मध्ये मुलींसह रंगूनला परतली, मात्र थोरली राजकन्या शेवटी रत्नागिरीतच राहिली आणि तिचा वंश इथलाच झाला. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं आणि रंगूनच्या बाजूचा राजा कोकणात आणला. वर्गात हा धडा शिकवताना मी नकाशावर दोन उलटे बाण काढायचो.

वाड्यात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयांना सहसा सोमवारी सुटी असते, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. वरच्या मजल्याच्या अर्धगोल लाकडी खिडक्या बघा आणि मग बाहेर येऊन थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याची घरं, होड्या आणि पुढे मोकळा समुद्र. आलेली-गेलेली प्रत्येक बोट राजाला दिसत असणार. संध्याकाळी तिथे गर्दी होते, म्हणून मी पाहुण्यांना सकाळी पाठवतो. सकाळी खाडीत मासेमारीच्या होड्या परतत असतात आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही.

दुसरा स्थानबद्ध सर्वांना माहीत आहे. सावरकरांना जानेवारी १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर सोडलं आणि १९३७ पर्यंत ती अट राहिली. १ मार्च १९२७ ला गांधीजी रत्नागिरीला आले होते तेव्हा या दोघांची इथे भेट झाली. त्या वर्षांतली जी खूण दगडात उभी आहे ती पतितपावन मंदिर, १९३१ चं, सर्व जातींना खुलं. तिथे गेलात तर सावरकरांइतकंच भागोजी कीरांचं नाव आठवा, कारण देऊळ त्यांच्या पैशांतून उभं राहिलं. भागोजी भंडारी समाजातले, रत्नागिरीच्या गरीब घरातले. हजारो मुलांसारखे तेही मुंबईला गेले आणि तिथे बांधकामाच्या धंद्यात मोठे झाले. दादरच्या समुद्रकाठची स्मशानभूमी त्यांच्या दानातली. किल्ल्याच्या वाटेवरचं भागेश्वराचं देऊळही त्यांनीच बांधलेलं. माझ्या मते रत्नागिरीचा खरा इतिहास या माणसात आहे. इथून जाणारा, तिथे कमावणारा आणि परत येऊन गावात काहीतरी बांधणारा. १८८१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसं लाखाच्या वर होती. गिरण्या, गोदी, पोलीस, पलटण, घरकाम, सगळीकडे. गावं मनीऑर्डरीवर चालली आणि मनीऑर्डरी आगबोटींवर.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. रत्नदुर्ग मोठा आहे, घोड्याच्या नालेसारखा पसरलेला, तीन अंगांनी पाणी. शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेतला. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दक्षिणेच्या टोकावर दीपगृह. दोन्ही नीट पाहा, पण तटावरून मिरकरवाड्याकडे बघायला विसरू नका. खाली मासेमारीचं बंदर आहे. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत तारलीचा हंगाम असे आणि या उपसागरात होड्यांचे थवे दिसत. ती तारली खाण्यासाठी होती तितकीच माडांच्या खतासाठीही होती. आता ट्रॉलर आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. लिलाव बघायचा असेल तर होड्या परतण्याची वेळ साधा, कडेला उभे राहा आणि बायकांच्या टोपल्यांच्या वाटेत येऊ नका. विकत घ्यायचा नसेल तर भाव विचारू नका.

शहराला दीड दिवस पुरे. पुढचे दिवस खाड्यांचे, आणि त्याआधी भरतीचं गणित शिकून घ्या. पंचांगातली तिथी पाहा आणि तिला पाऊणनं गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण पिढ्यान् पिढ्या कोळ्यांनी आणि खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी यावर काम भागवलं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. हे गणित मी हौस म्हणून सांगत नाही. गणपतीपुळ्याला संकष्टीला तोबा गर्दी होते. दर्शन होतं, जेवण होतं आणि माणसं तीन-साडेतीनला पाण्यात उतरतात. ही चतुर्थी, म्हणजे तेव्हा भरती संपून ओहोटी सुरू झालेली असते आणि पाणी आत ओढत असतं. तिथला किनारा उताराचा आहे, पायाखालची वाळू सरकते. दरवर्षी घरची माणसं तिथे गमावून परतणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. पाय भिजवा, पोहायला जाऊ नका, आणि जीवरक्षक नको म्हणाला तर नको.

पहिली खाडी शास्त्रीची घ्या. आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर. लगेच पुढे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर आणि स्मारक शांतपणे पाहण्यासारखं आहे. मग जयगड. किल्ल्याच्या बुरुजावरून खाडीचं रुंद तोंड दिसतं आणि आत कोळशाची जहाजं उभी असतात, कारण तिथे आता खासगी बंदर आणि वीजप्रकल्प आहे. पाहुणे नाक मुरडतात. मला ते खटकत नाही. बंदराच्या जागी बंदर झालं. तिथून परत न फिरता आत चला, संगमेश्वराकडे. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरचं हे गाव एके काळी होड्यांनी गजबजलेलं होतं. कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ उन्हं तिरपी झाल्यावर पाहा, खांबांवरचं कोरीवकाम तेव्हा उठून दिसतं. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज याच संगमेश्वरात पकडले गेले, आणि मुकर्रबखान आला तो समुद्रातून नव्हे, कोल्हापूरकडून, घाट उतरून. सकाळी जयगडच्या तटावर उभे राहून आला असाल तर लक्षात येईल की खाडीचा सगळा बंदोबस्त पाण्याकडे तोंड करून होता.

दुसरी खाडी वासिष्ठीची. दाभोळला जायला धोपाव्यावरून फेरीबोट आहे, गाडीसकट नेते. ही फेरी चुकवू नका, कारण या किनाऱ्यावर आता माणसाला पाण्यावरून गावात शिरायला मिळतं ते फक्त अशाच ठिकाणी. जयगडहून समोर तवसाळला जाणारी आणखी एक आहे. दाभोळ आज लहानसं गाव आहे. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन हिंदुस्थानातून परत गेला तो याच बंदरातून. बहमनी राज्याला लागणारे घोडे अरबस्तानातून इथे उतरत. डिसेंबर १५०८ च्या शेवटी पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा इथे आला. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड घ्यायला दीवकडे जाताना त्यानं वाटेत दाभोळ जाळलं, माणसं कापली. गाव पुन्हा उभं राहिलं, आदिलशाहीत पुन्हा श्रीमंत झालं. पाण्याच्या काठाशी घुमटाची जी मशीद आहे ती त्या काळातली. फेरीतून उतरल्यावर आधी तिकडे जा, आणि आत जायचं तर परवानगी घेऊन, डोकं झाकून. समोरच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड. मग खाडीच्या काठानं आत चिपळूण, गोवळकोटचा धक्का आणि वर परशुराम. परशुरामाच्या देवळाजवळून खाली वळणं घेत गेलेली वासिष्ठी दिसते. तिथे थांबून सकाळपासूनचा प्रवास बोटानं दाखवता येतो.

तिसरी खाडी माझ्या आजोळची, म्हणून थोडं जास्त सांगतो. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला निघा. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिस्थान, पुढे मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. किल्ला एवढासा आहे, पण चोर दिंडीतून समुद्र समोर येतो तो अचानक. पुढे कशेळीचा कनकादित्य, कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांतला एक. मग जैतापूर. इथे माझी आजी बोटीत चढायची. राजापूरहून इथपर्यंत खाडीतून होडी, भरती धरून, कधी रात्री. रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि शीड भरतं. पहाटे खाडीच्या तोंडाशी पोचायचं आणि बोटीची वाट बघत वाळूवर बसून राहायचं.

राजापूरला इंग्रजांची वखार १६४९ मध्ये आली, मुंबई त्यांच्या हाती यायच्या आधी. मिरी, वेलदोडा, कापड. १६६० मध्ये सिद्दी जौहरानं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन तिथे गेले आणि त्यांनी किल्ल्यावर मारा केला. व्यापाऱ्यांनी असं करायचं नसतं. पुढच्या वर्षी शिवाजी महाराज राजापुरावर आले, वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केलं. इतक्या आत, डोंगरांच्या बेचक्यात, परदेशी व्यापारी आला कसा, असं पाहुणे विचारतात. उत्तर पायाशीच आहे, जुन्या धक्क्याचे दगड आणि त्यासमोर साचलेला गाळ. डोंगर उघडे होत गेले, पावसानं माती खाली आणली, खाडी उथळ झाली. आधी मोठी गलबतं यायची थांबली, मग मचवे. पेठ जैतापूरकडे सरकली आणि बोटी बंद झाल्यावर जैतापूरही शांत झालं. आज पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी बाजारात शिरतं. माझ्या मामांच्या दुकानात फळ्या छताजवळ ठोकलेल्या होत्या. पाणी चढायला लागलं की माल वर जायचा.

राजापुरात वखारीच्या जागी पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. त्यापेक्षा जुन्या पेठेतून पायी फिरा, दुमजली घरांचे लाकडी सज्जे बघा, मग धूतपापेश्वराला जा. तिथला धबधबा आणि देऊळ एकमेकांना चिकटून आहेत. जवळच्या उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे आणि शेजारीच गंगा. ती नेहमी नसते. काही वर्षांनी येते, काही दिवस-आठवडे वाहते, जाते. आली असेल तर राजापूरचा कुणीही माणूस तुम्हाला न विचारता सांगेल.

आंब्यांचं शेवटी म्हटलं होतं. हापूस खरेदीसाठी येत असाल तर एप्रिलच्या मध्यानंतर या. फेब्रुवारी-मार्चचा आंबा कौतुकाचा असतो, पण भाव चढा. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्याकडेला त्याच पेटीत बाहेरचं फळ विकलं जातंच. बागेतच जा, बागायतदाराशी बोला, अढी कशी घातलीय ते पाहू द्या म्हणा. रंगावर जाऊ नका, देठाजवळ नाक न्या. गवतात पिकलेल्या हापुसाचा वास खोलीभर येतो. हापुसाबरोबर पायरीही थोडी मागा, रसाला तीच बरी, आणि फणसाच्या दिवसांत आलात तर कुणाच्या तरी घरचं सांदण मिळवा. हॉटेलात ते घरच्यासारखं होत नाही.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला सगळ्या मार्गावर सुरू झाली. साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल रत्नागिरीच्या दोन बाजूंना आहेत, आणि त्या कामाचं मला मनापासून कौतुक आहे. पावसाळ्यात तुटणारं गाव त्यामुळे तुटायचं थांबलं. पण ती गाडी सगळ्या खाड्या आडव्या कापत जाते. खिडकीतून एकेक खाडी दोन मिनिटांत निघून जाते. म्हणून येताना रेल्वेनं या आणि जाताना, गाडी करता येत असेल तर, राजापूरहून अणस्कुरा घाटानं कोल्हापूरकडे चढा. दिवसा निघा, पावसाळ्यात रस्ता चालू असल्याची चौकशी करून निघा, आणि पाण्याच्या बाटल्या खालीच भरून घ्या. मीठ आणि मासळी घेऊन बैल याच वाटेनं वर जात. घाटमाथ्यावर पोचायला सकाळची वेळ उत्तम. दहानंतर खालून धुरकट वाफ चढते आणि मग राजापूरची खाडी नीट दिसत नाही.